सरांचा नावाडी

कौस्तुभने आणून दिलेल्या छापील फॉर्मात तीन रकाने होते : जीवन, प्रवास आणि छंद. पहिला रकाना तिरोडकर सरांनी सात मिनिटांत भरला. जन्म माडवणे, तालुका मालवण. शिक्षण एम.ए., बी.एड. हिंदी विषयाचे अध्यापन, छत्तीस वर्षे, एकाच शाळेत, एकाच खुर्चीवर (खुर्चीचा वेत दोनदा बदलला). पत्नी एक, किशोरी. मुलगी एक, सोनल, मुक्काम पुणे. मग ते दुसऱ्या रकान्याकडे वळले आणि तीन दिवस तिथेच बसून राहिले.

प्रवास त्यांनी केलाच नव्हता असं नाही. पेपर तपासायला मालवण, प्रशिक्षणाला कणकवली, आणि शाळेची सहल घेऊन सावंतवाडी. सावंतवाडी एकोणीस वेळा. तलाव, राजवाडा, लाकडी खेळणी, मुलं मोजणे, परत. लग्नानंतर एकदा मंगेशी. त्यापलीकडे एस.टी.त त्यांना मळमळत असे, आणि मळमळणारा माणूस मुलांसमोर हिमालयाबद्दल फार तळमळीने बोलतो, हे कुठल्याही शाळेत बघायला मिळेल.

छंदाचं त्याहून अवघड होतं. सरांना एकच छंद होता : रेल्वेचं वेळापत्रक वाचणे. जिल्ह्यात रूळसुद्धा नव्हते तेव्हापासून ते वेळापत्रक मागवून वाचत आले होते. कुठली गाडी कुठे किती मिनिटं थांबते हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येई. पण पंचाहत्तरीच्या सत्कारात हे कसं वाचून दाखवणार? शाल घातलेल्या माणसाला तो छंद शोभत नाही.

चौथ्या दिवशी कौस्तुभचा फोन आला. कौस्तुभ म्हणजे सरांचा जुना विद्यार्थी, कणकवलीत छापखाना चालवतो, माजी विद्यार्थी संघाचा चिटणीस. दर वाक्याच्या सुरुवातीला 'सर' म्हणतो आणि पुढे स्वतःला हवं तेच करतो.

"सर, प्रवासाचा रकाना तुम्ही रिकामाच सोडा. स्मरणिकेत तिथे आम्ही निबंध छापतोय."

"कुठला निबंध?"

"सर, असं काय करता. 'मेरी काशी यात्रा'. तुम्ही स्वतःच्या आठवणीतून सांगितलेला. फक्त एक फोटो द्या, काशीतला. घाटावरचा असला तर बरा."

इथे सरांनी 'माझ्याकडे तसा फोटो नाही' असं म्हणायला हवं होतं. ते म्हणाले, "शोधतो." पुढचं सगळं या एका शब्दातून झालं.

त्या निबंधाबद्दल थोडं सांगायला हवं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, दहा गुणांचं प्रवासवर्णन मुलांना जमेना, म्हणून सरांनी एका दुपारी एक नमुना तयार केला. त्यासाठी एका वाण्याच्या कॅलेंडरवरचा घाट, भूगोलाचं पुस्तक आणि रेल्वेचं वेळापत्रक एवढीच सामग्री वापरली. निबंध 'मैं'ने सुरू होत होता, कारण परीक्षेत तसाच लिहायचा असतो. यात सर खोटं बोलले असं म्हणता येणार नाही. 'मैं नदी बोल रही हूँ' हाही निबंध त्यांनीच लिहून दिला होता, आणि त्यांना कुणी नदी समजलं नव्हतं. पण काशीवर मुलांनी विश्वास ठेवला. त्याला कारण रामदीन.

रामदीन हा त्या निबंधातला नावाडी. पहाटेच्या धुक्यात तो सरांना होडीतून नेतो, आपल्या भाकरीतली अर्धी भाकरी देतो, आणि किनाऱ्याला लागताना म्हणतो, "फिर आना, गुरुजी." बस, एवढंच. पण त्या वर्षी तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "सर, रामदीन दिसाक कसो आसा?" तेव्हाच सांगून टाकायचं होतं. पण वर्गात प्रश्न आला की उत्तर द्यायचं, ही सवय हाडात गेलेली. सर म्हणाले, "मिशा पांढऱ्या. उंचीने बेताचा." पुढच्या वर्षी कुणीतरी विचारलं, त्याची होडी केवढी. त्याच्या पुढच्या वर्षी, त्याची बायको काय करते. छत्तीस वर्षांत रामदीनला घर झालं, शेळी झाली, डाव्या गुडघ्याला वात झाला. हजारभर मुलं त्याच्या होडीत बसून दहापैकी सात गुणांवर पैलतीराला लागली.

"लग्नाक पंचेचाळीस वर्सां झाली," किशोरीबाई म्हणाल्या. घरात ही गोष्ट ठाऊक असलेल्या त्या एकट्याच. "माका मंगेशीच्या फुडे न्हेलास नाय. आणि त्या रामदीनाच्या होडयेत दर वर्सा बसलास. आता सांगान टाका कौस्तुभाक."

"सांगतो."

"कधी?"

"आधी जाऊन येतो. गेलो की खोटं उरतच नाही. उशिरा झालेलं खरं, एवढंच."

हा युक्तिवाद किशोरीबाईंनी डाळ निवडता निवडता ऐकला आणि खड्यांबरोबर बाजूला काढला. पण सरांचा निश्चय झाला होता. सत्कार डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी होता. त्याआधी पंधरा दिवस, शुक्रवारी दुपारी, कणकवलीहून मुंबईची गाडी आणि तिथून काशीची. परतल्यावर सत्कारापर्यंत तीन दिवस हाताशी. वेळापत्रक त्यांनी एवढं घोकलं होतं की मालवणच्या तिकीटवाल्याच्या दोन चुका त्यांनी तिथल्या तिथे दुरुस्त केल्या. एकाच तिकिटाची ही यात्रा होती. किशोरीबाईंनी "साक्षीदार कशाक व्हयो?" म्हणून नकार दिला होता.

अडचण अशी, की ही बातमी गावात 'सर काशीला चालले' अशी न जाता 'सर परत काशीला चालले' अशी गेली. नवख्या माणसाला गाव सल्ले देतं. ते सल्ले सरांना फार हवे होते, आणि तेवढेच मिळेनात. उलट लोक त्यांनाच विचारायला येत. शेजारच्या लक्ष्मीकाकू दोन प्लॅस्टिकच्या बाटल्या घेऊन आल्या.

"सर, गंगेचा पाणी हाडा. एक माझ्यासाठी, एक म्हशीसाठी."

"म्हशीला कशाला?"

"औंदा दूध कमी देता. बरा, थंयसर आता थंडी किती आसतली?"

"धुकं असतं," सर म्हणाले. निबंधात होतं.

"रामदीनाक काय न्हेतास?"

सरांनी किशोरीबाईंकडे पाहिलं. त्या चुलीकडे पाहत होत्या.

"कोकमाची सोलां न्ह्या," लक्ष्मीकाकूंनी स्वतःच सोडवलं. "वाताक बरी."

आता ओळखपत्र. धर्मशाळेत आधारशिवाय घेत नाहीत, असं तिकीटवाला म्हणाला. सरांचं आधार बरोबर आहे ना, हे बघायला ते मालवणच्या सेवा केंद्रात गेले. तिथे श्रिया नावाच्या मुलीने नंबर टाकला आणि सांगितलं, की सांकेतिक क्रमांक मोबाइलवर आलाय. सरांच्या मोबाइलवर काही आलं नव्हतं. चौकशीअंती कळलं की आधारला जोडलेला नंबर शाळेच्या जुन्या कारकुनाचा होता. त्याने सगळ्या शिक्षकांचे फॉर्म एका दुपारी भरले होते. कारकून निवृत्त होऊन देवाघरी गेला होता आणि त्याचा नंबर आता वेंगुर्ल्याच्या एका कोंबडीविक्रेत्याकडे होता. कोंबडीविक्रेता अनोळखी माणसाला सांकेतिक क्रमांक सांगायला तयार नव्हता, आणि त्याचं काही चुकत होतं असंही नाही.

"मग अंगठा लावा, काका," श्रिया म्हणाली.

सरांनी अंगठा लावला. मग तर्जनी. मग ओल्या फडक्याने पुसून दहाही बोटं.

"काका, तुमच्या बोटांवर रेषाच नाहीत हो."

"खडू," सर म्हणाले.

छत्तीस वर्षांच्या फळ्याने ती झिजवली होती. सरकारदरबारी सर आता फक्त एका कागदावर उरले होते, लॅमिनेट केलेल्या. यंत्राच्या पडद्यावर दर वेळी 'पुनः प्रयास करें' असं येत होतं. हा शेरा सरांनी स्वतः किती वह्यांवर मारला होता, याची त्यांना प्रथमच लाज वाटली.

तेव्हापासून त्या कार्डाची त्यांनी लहान मुलासारखी काळजी घेतली. तिकीट आणि कार्ड एका फोल्डरमध्ये घातलं, आणि फोल्डर घरातल्या सर्वांत सुरक्षित जागी ठेवला : देव्हाऱ्यात, देवांच्या पाटाखाली.

सोमवारी देवळात कौल झाला. माडवण्याच्या देवाने गावपळण सांगितली, गुरुवारी.

गावपळण म्हणजे चार-पाच वर्षांनी एकदा गावाने गाव सोडायचं. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळ्यांनी वेशीबाहेर राहुट्या ठोकून तीन दिवस तीन रात्री राहायचं, आणि गाव देवाला मोकळं करून द्यायचं. त्या काळात आत कुणी पाऊल टाकत नाही, चूल पेटत नाही, कवाड उघडत नाही. चौथ्या दिवशी मानकरी देवळात जाऊन कौल घेतात. देवाने हो म्हटलं की गाव परत येतं.

सरांना यात अडचण दिसली नाही. गुरुवारी राहुटीत, शुक्रवारी राहुटीतून स्टेशन. उलट घर आवरायचं काम आयतंच झालं, असं ते म्हणाले. गुरुवारी दुपारी ढोल वाजला आणि गाव निघालं. किशोरीबाईंनी टोपं घेतली, तांदूळ घेतले, मांजर पिशवीत घेतलं, सरांच्या गोळ्या, सरांची कानटोपी, रामदीनची सोलं, सगळं घेतलं. देव तेवढे घेतले नाहीत. देव घेऊन जायचे नसतात, गाव त्यांच्यासाठीच सोडायचं असतं. आणि देवांबरोबर त्यांच्या पाटाखालचं सगळंही राहिलं.

हे सरांच्या ध्यानात शुक्रवारी सकाळी आठ वाजता आलं. बॅग तीनदा उपसून झाल्यावर ते खाडीकाठच्या वेशीवर गेले. तिथे गंगाराम बसला होता. गंगाराम गावच्या मानकऱ्यांपैकी एक, आणि सरांच्या वर्गात नववीला दोन वर्षं होता.

"गंगाराम, दहा मिनिटांचं काम आहे. कपाटसुद्धा उघडायचं नाही. फक्त देव्हारा."

"सर, गाव आता देवाच्या ताब्यात. भितर कोणाक जावक गावाचा नाय."

"मग देवालाच विचारू. कौल घे."

"घेतंय मां. पण कौल घेवक देवळात जावक व्हया."

"मग जा."

"देऊळ खंय आसा, सर?"

देऊळ गावात होतं. नववीत दोन वर्षं बसवलेल्या माणसाने एवढं बिनतोड उत्तर द्यावं, याचं त्यांना कौतुकही करता येईना.

एव्हाना भोवती वीसेक माणसं जमली होती. इतके दिवस अडून राहिलेले सल्ले आता एकदम सुटले. त्यातले सात सल्ले कार्डाशिवाय जाण्याचे, पाच न जाण्याचे होते, आणि एकाने वेंगुर्ल्याला जाऊन कोंबडीवाल्याच्या पाया पडायला सांगितलं. लक्ष्मीकाकूंनी सगळ्यांना गप्प केलं.

"कार्ड कशाक व्हया? सरांका थंय वळखणारो माणूस आसा मां. रामदीन सांगतलो धर्मशाळेत."

हे सगळ्यांना पटलं. सरांना सोडून.

दुपारी गाडी गेली. राहुटीतून ती ऐकू येणं शक्य नव्हतं, कणकवली दूर. पण सर घड्याळात बघत होते आणि ठरल्या मिनिटाला त्यांनी मान खाली घातली. किशोरीबाईंनी पेज वाढली. त्यांच्या बोलण्यापेक्षा ती पेज अधिक बोलत होती.

शनिवारी सकाळी सूर्य उगवताना सर खाडीत गुडघाभर पाण्यात उभे होते. आपली गाडी आता कुठल्या स्टेशनात किती मिनिटं उभी असेल, याचा हिशेब मनात चालू होता. ओंजळीत पाणी घेतलं होतं ते तोंड धुवायला. शेजारी लक्ष्मीकाकूंची म्हैस डुंबत होती. खाडीवर धुकं होतं.

"सर, हलू नका," काठावरून कौस्तुभ म्हणाला. स्मरणिका सोमवारी छापायला जायची होती, म्हणून सरांनी शोधतो म्हटलेला जुना फोटो न्यायला तो आला होता आणि त्याला आयता मिळाला. त्याने मोबाइलवर चार फोटो काढले.

सर पाण्यातूनच म्हणाले, "कौस्तुभ, मी काशीला गेलेलो नाही."

"माहितीये सर. गाडी चुकली. गंगारामाने सांगितलं."

"या वेळी नाही. कधीच नाही. एकदाही नाही. रामदीन वगैरे मी बसून लिहिलेलं आहे."

कौस्तुभने त्यांच्याकडे पाहिलं. गुडघाभर पाण्यात, ओंजळ गळते आहे, पंचा भिजलेला. त्याचे डोळे पाणावले.

"सर, हा तुमचा साधेपणा. स्वतःचं काही म्हणजे काही मिरवायचं नाही. मी अध्यक्षांना सांगतो, भाषणात घेतील."

रविवारी देवाने कौल दिला आणि गाव परतलं. देव्हाऱ्यात फोल्डर होता तसाच होता. त्यावर वरच्या देवाचं एक सुकलेलं जास्वंद पडलेलं होतं. सरांनी पुढच्या गाडीची चौकशी केली. प्रतीक्षायादीत दोनशे चौदावा क्रमांक मिळत होता. त्यांनी मग चार पानांचं भाषण लिहिलं. भाषणात एकच मुद्दा होता, तो किशोरीबाईंना वाचूनही दाखवला. "ह्या बरा," त्या म्हणाल्या. पंचेचाळीस वर्षांत त्यांनी सरांच्या लेखनाला दिलेला हा पहिला शेरा होता.

सत्काराला शाळेच्या सभागृहात तीनशे खुर्च्या मांडल्या होत्या, माणसं एकशे ऐंशी आली, त्यातली साठ नंतरच्या जेवणाची. स्मरणिका वाटली गेली. नवव्या पानावर सर पाण्यात उभे होते. कौस्तुभने खाडीकाठचे माड काढून टाकून मागे घाट बसवला होता, पायऱ्या, देवळं, छत्र्या, सगळं. खाली छापलं होतं : 'गंगास्नान. सर काशी येथे.' फक्त म्हैस काढायची राहिली होती. दुसऱ्या रांगेत लक्ष्मीकाकू पान डोळ्यांजवळ नेऊन बघत होत्या.

"ही माझी म्हस. हिचा डावा शिंग वाकडा."

"काकू, थंयसरय म्हशी आसतत," शेजारचा म्हणाला.

"वाकड्या शिंगाची?" लक्ष्मीकाकूंनी पान खाली केलं आणि व्यासपीठावरच्या सरांकडे रोखून पाहिलं. किशोरीबाई सोडल्या तर सभागृहात खरं कळलेल्या त्या एकट्याच होत्या. त्यांचा आधार वाटावा की भीती, हे सरांना ठरवता येईना.

अध्यक्षांनी साधेपणाचा मुद्दा घेतला. मग जाहीर केलं, की फेब्रुवारीत माजी विद्यार्थी संघाची बेचाळीस माणसं काशीला जाणार आहेत, आणि मार्गदर्शक म्हणून सर स्वतः असतील, कारण तिथली गल्ली न् गल्ली त्यांना पाठ आहे. टाळ्या झाल्या. सरांनी खिशातली चार पानं चाचपली.

तेवढ्यात बाबली वर आला. हाही सरांचा जुना विद्यार्थी; तोंडवलीला पर्यटकांना फिरवणाऱ्या त्याच्या तीन होड्या आहेत. काखेत भगव्या रंगाचं काहीतरी फुगीर होतं. माईक त्याने दोन्ही हातांनी धरला.

"माका बोलूक येणा नाय. हिंदीत मी एकदाच पास झालंय, दहावीक. निबंदाक सात गावले म्हणान. त्या निबंदात होडी होती. माझो बापूस म्हणा होतो मुंबैक जा, मिलात लाग. मी म्हटलंय, माका होडी व्हयी. माझ्या पयल्या होडयेचा नाव 'रामदीन' आसा. थंय लिवला आसा, कोणीय येवन बघा." त्याने काखेतलं उलगडलं. लाइफ जॅकेट होतं, कोरं. "ह्या मी फेब्रुवारीत तेका घालतलंय. म्हातारो माणूस, धुक्यात होडी हाकता. तेका पोवाक येता काय नाय, ता निबंदात नाय."

त्याने जॅकेट सरांच्या समोरच्या टेबलावर, हारांच्या शेजारी ठेवलं आणि खाली वाकून सरांच्या पाया पडला.

सर बोलायला उभे राहिले. चार पानं बाहेर काढली. पहिलं वाक्य 'मित्रहो, मी तुमचा अपराधी आहे' असं होतं. समोर बाबली पहिल्या रांगेत मान वर करून बसला होता, तिसऱ्या बाकावरच्या मुलीसारखा. सरांनी पानं खाली ठेवली.

"रामदीन," ते म्हणाले, "गेला."

स्मरणिका चाळणाऱ्यांनी माना वर केल्या.

"गेल्या पावसात. मला उशिरा कळलं." आवाज आपोआप खाली आला. "झोपेत गेला. त्रास झाला नाही."

व्यासपीठावरचे गणिताचे निवृत्त शिक्षक मनात काहीतरी वजाबाकी करत होते. पन्नास वर्षांपूर्वी पांढऱ्या मिशा असलेला माणूस, म्हणजे... त्यांनी तोंड उघडलं. पण तेवढ्यात अध्यक्ष उभे राहिले, म्हणून तेही उभे राहिले. मग सगळं सभागृह उभं राहिलं, जेवणाची साठ माणसंसुद्धा. लक्ष्मीकाकू सर्वांत शेवटी उठल्या, पण उठल्या.

दोन मिनिटं. पहिल्या मिनिटात सरांना वाटलं, सुटलो. दुसऱ्या मिनिटात त्यांना धुकं दिसलं, अर्धी भाकरी दिसली, वाताचा डावा गुडघा दिसला. आयुष्यात त्यांनी एकाच माणसाबरोबर प्रवास केला होता आणि त्याला आत्ता, लोकांदेखत, स्वतःच्या तोंडाने मारलं होतं. त्याने 'फिर आना' म्हटलं होतं. ते गेले नव्हते. सरांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि ते थांबेना. कौस्तुभने त्याचाही फोटो काढला.

"बसा म्हणान सांगा सगळ्यांका," पहिल्या रांगेतून किशोरीबाई हलकेच म्हणाल्या. "चार मिनटां झाली."

सर खाली बसले. लोक बसले. फक्त बाबली उभाच राहिला. त्याने पुढे येऊन टेबलावरचं जॅकेट उचललं, हातात फिरवलं, परत ठेवलं.

"सर, तेचो झील तरी आसा मां?"

चार पानं अजून टेबलावर होती. सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग किशोरीबाईंकडे. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"मुलगा आहे," सर म्हणाले. "तोच होडी चालवतो आता."

बाबलीचा चेहरा उजळला. त्याने जॅकेट छातीशी धरून बघितलं.

"ह्या लार्ज आसा. तेका काय लागतला?"

सरांना तो स्पष्ट दिसला. बापापेक्षा उंच, पण अंगाने किरकोळ, बायको माहेरी गेलेली.

"मीडियम," सर म्हणाले.